शेत, सडा आणि नऊ मोकळ्या जागा: फोंड्याजवळच्या एका पंचायतीतला मैदानाचा प्रश्न

पार्श्वभूमी

फोंडा शहराला लागून असलेल्या एका पंचायतीची ही हकिकत आहे. गावाचे नाव देत नाही. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून क्षेत्रफळे आणि काही तपशीलही थोडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पणजी-बेळगाव महामार्ग गावाच्या जवळून जातो. कुंडई, मडकई आणि बेतोडा या औद्योगिक वसाहती दुचाकीच्या टप्प्यात आहेत, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथल्या भाटांचे (बागायती जमिनींचे) प्लॉट पडले, प्लॉटांवर बंगले आले आणि बंगल्यांमागून फ्लॅट. 2011 च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी ठरली, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. या आकड्यात आमच्यासारखी गावे मोठ्या संख्येने आहेत. लोकसंख्या पाच हजारांवर, दर चौरस किलोमीटरला चारशेहून जास्त माणसे आणि तीन चतुर्थांश पुरुष कामगार शेतीबाहेर, एवढे झाले की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो: एक सचिव, दोन कारकून आणि कपाटात कोंबलेल्या फायली. नगरनियोजक नाही, उद्यान विभाग नाही आणि खेळाच्या जागांची नोंद ठेवणे हे कोणाचेच काम नाही.

गावाचा नकाशा ढोबळमानाने असा. मधोमध सखल शेत, सुमारे बारा हजार चौरस मीटर, जुन्या वाड्याला लागून. शेताच्या एका कडेने व्हाळ (ओहोळ). वर उतारावर काजूची आणि आंब्या-फणसांची भाटे, त्यांतल्या निम्म्यांवर आता वसाहती. सगळ्यात वर कोमुनिदादीचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, सडा (कातळाचे पठार). प्रादेशिक आराखडा 2021 च्या गावनकाशावर शेताला शेताचा रंग आहे, वसाहतींना सेटलमेंटचा (वस्तीचा), उरलेल्या भाटांना ऑर्चर्डचा (बागायतीचा). मैदान म्हणून रंगवलेला एकही तुकडा त्यावर नाही.

तरीही गावात मैदान होते. शरदीचे (पावसाळी) भात कापून झाले, मळणी उरकली, की नोव्हेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत ते शेतच मैदान. एका टोकाला फुटबॉलचे बांबूचे गोल, दुसऱ्या टोकाला क्रिकेट. दोन कुळे त्यांच्या वाट्याच्या तुकड्यात अळसांदे (चवळी) आणि तांबडी भाजी करतात, तेवढा भाग सोडून बाकी सगळे खेळाचे. गोव्यातल्या कित्येक गावांत पोरे असेच खेळत मोठी झाली. परवानगी कोणी मागितली नाही आणि कोणी नाकारलीही नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

सुरुवात चांगल्या हेतूने झाली. गावातल्या युवक मंडळाने पंचायतीला निवेदन दिले, त्यात कायमस्वरूपी मैदान मागितले. पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीत एका पंचाने माहिती दिली की क्रीडा प्रकल्पासाठी सरकारी निधी मिळू शकतो, जागा मात्र पंचायतीने दाखवायला हवी. जागा म्हणून सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच आली. शेतात भराव घालून पूर्ण आकाराचे फुटबॉल मैदान, एका बाजूला गॅलरी, कपडे बदलायच्या खोल्या, विजेचे खांब आणि वाहनतळ, असे कच्चे रेखाचित्र कोणीतरी काढूनही आणले. ‘तत्त्वतः मान्यता’ असा ठराव झाला. ग्रामसभेची वाट पाहिली गेली नाही, कारण मार्चच्या आत प्रस्ताव गेला नाही तर निधी परत जाईल, असे सांगण्यात आले होते.

निधी परत जाईल, या वाक्याने गोव्यातल्या पंचायतींचे जेवढे नुकसान झाले असेल तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असेल, असे माझे मत आहे. प्रश्न नीट मांडायच्या आतच उत्तराची तारीख ठरते.

ठरावाची बातमी शेताच्या कुळांना फोंड्याच्या बाजारात समजली. पाच कुटुंबे, कूळ कायद्याखाली जमीन नावावर झालेली. त्यांतल्या दोघांनी शेती जवळजवळ सोडली होती आणि मोबदला मिळत असेल तर त्यांची ना नव्हती. बाकीचे तिघे भडकले. त्यांच्यातली एक वयस्क बाई सरपंचबाईंच्या घरी जाऊन म्हणाली, “बाय, पोरांना खेळायला आम्ही कधी नको म्हटले? मग आमचेच शेत का बुजवता?” सरपंचबाईंनी हे वाक्य नंतर ग्रामसभेत स्वतःच सांगितले.

गोव्यात सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होतात. एप्रिलच्या सभेत हा विषय आला आणि सभा तीन तास चालली. वसाहतीतले लोक ग्रामसभेला एरवी येत नाहीत, त्या दिवशी आले. शेवटी ठराव स्थगित ठेवून नऊ जणांची समिती नेमण्यात आली: दोन पंच, युवक मंडळाचे दोघे, कुळांचा एक प्रतिनिधी, जैवविविधता व्यवस्थापन समितीची एक सदस्य, निवृत्त शिक्षिका आणि वसाहतींतले दोघे. नगररचनेत काम केलेला म्हणून मला मदतीला बोलावले. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अहवाल द्यायचा होता.

पहिला निर्णय: जागा नंतर, माणसे आधी

समितीच्या पहिल्या बैठकीत युवक मंडळाचे म्हणणे होते की थेट जागांची यादी करू. शिक्षिकेने अडवले. खेळायला, फिरायला, नुसते बसायला कोण कुठे जाते, हे आधी पाहू असे त्या म्हणाल्या. त्यावर बरीच कुरकुर झाली. मे महिन्याच्या उन्हात वेगवेगळ्या वेळी गावभर फिरून नोंदी घ्यायच्या होत्या, आणि युवक मंडळाला तो वेळकाढूपणा वाटत होता. पण त्या नोंदींनीच पुढचे सगळे वळण दिले.

पहाटे साडेपाचला महामार्गाच्या कडेने बायका चालायला जातात, ट्रकच्या उजेडात. दुपारी चार ते सहा लहान मुले वसाहतींतल्या रस्त्यांवर खेळतात आणि गाडी आली की ‘गाडी, गाडी’ ओरडून कडेला होतात. संध्याकाळी शेतात सोळा ते तिशीतले मुलगे. रविवारी दुपारी औद्योगिक वसाहतींतले भाड्याने राहणारे कामगार शेताच्या दूरच्या कोपऱ्यात क्रिकेट खेळतात, गावच्या मुलांचा डाव सुरू झाला की निघून जातात. आणि शेतावर मुली जवळजवळ नाहीत. फुटबॉल खेळणाऱ्या दोन मुली सापडल्या, त्या फोंड्याला शिकवणीला जातात.

म्हणजे पूर्ण आकाराचे मैदान झाले असते तरी त्याचा उपयोग मुख्यतः एका गटाला होता, ज्याला वर्षातले सहा-सात महिने आधीच जागा मिळत होती. पहाटे चालणाऱ्या बायकांचा, रस्त्यावरच्या मुलांचा किंवा मुलींचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. युवक मंडळाच्या दोघांना हे पटायला वेळ लागला. एकाला शेवटपर्यंत पटले नाही, आणि त्याचा मुद्दाही खोटा नव्हता: तालुक्याच्या स्पर्धेला उतरायचे तर मापाचे मैदान लागतेच.

समोरचे पर्याय

*शेतात भराव.* याचे फायदे उघड होते: सपाट, मध्यवर्ती, रस्त्याला लागून. अडचणी कायद्याच्याही होत्या आणि पाण्याच्याही. कुळाच्या नावावर झालेली जमीन शेतीशिवाय वापरायला 1991 च्या गोवा भूवापर नियमन कायद्याने बंदी आहे. सखल जमीन बुजवायची किंवा डोंगर कापायचा तर नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली परवानगी लागते. सरकारने सार्वजनिक कामासाठी संपादन करायचे ठरवले असते तरी 2013 च्या भूसंपादन कायद्यातली सामाजिक परिणामांची तपासणी आणि मोबदल्याची प्रक्रिया आली असती. मार्चच्या आत यातले काहीच होणार नव्हते.

पाण्याचा हिशेब मी कागदावर करून दाखवला. बारा हजार चौरस मीटरच्या शेतात बांधाआड एक फूटभर पाणी उभे राहिले तर ते 36 लाख लिटर होते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. वरच्या वसाहतींचे छप्पर, अंगण, डांबर यांवरून येणारे सगळे पाणी याच शेतात येऊन थांबते आणि सावकाश व्हाळात उतरते. शेत बुजले तर 36 लाख लिटरला दुसरी जागा लागेल आणि ती जुन्या वाड्यातली घरे असतील. हा हिशेब सभेत सांगितल्यावर वाड्यातल्या एका माणसाने शांतपणे विचारले की मग आमच्या पायऱ्यांवर पाणी येते ते कशामुळे. तेही खरेच होते. व्हाळाचे तोंड बांधकामाच्या राडारोड्याने आधीच अर्धे बुजले होते.

*कोमुनिदादीचा सडा.* जागा भरपूर, भाटकारांशी (जमीनमालकांशी) भांडण नाही. पण रस्ता कच्चा, चढ मोठा, संध्याकाळी दिवा नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे तिथे जाणार नाहीत. सड्याच्या कडेच्या उतारावर किंदळ, माट्टीची झाडी आहे. पाच हेक्टरांहून मोठा सलग पट्टा, दहापैकी चार भाग झाडांच्या सावलीखाली आणि तीन चतुर्थांश वनझाडे असतील तर गोव्यात ती खाजगी वनाच्या निकषात बसते, त्यामुळे कुठे हात लावायचा हे वनखात्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नव्हते. शिवाय कोमुनिदादीची जमीन मिळवायची तर गांवकारांच्या (कोमुनिदादीच्या सभासदांच्या) सभेचा होकार, मग प्रशासकांचे कार्यालय, मग सरकार. काही वर्षे धरून चालायची.

*शाळेचे आवार.* पटसंख्येअभावी बंद पडलेली सरकारी प्राथमिक शाळा. आवार छोटे, पण विहीर, दोन आंबे आणि सावली असलेले.

*काहीच न करणे.* हा पर्याय अहवालात लिहावा असा आग्रह कुळांच्या प्रतिनिधीने धरला, आणि तो बरोबर होता. शेत शेतच राहू द्या, पोरे खेळतातच आहेत. पण यातही एक खोच होती. शेत मैदान म्हणून मोकळे राहिले ते तिथे भात पिकते म्हणून. पीक बंद पडले, भटक्या गुरांनी आणि रानडुकरांनी तरवा खाल्ला, मजूर मिळाले नाहीत आणि जमीन पडीक झाली की दोन-तीन पावसांत तिथे लव्हाळा आणि झुडपे वाढतात, मग कचरा येतो आणि पाठोपाठ भरावाचा ट्रक. पडीक दोन तुकड्यांवर हे सुरू झालेले समितीने पाहिले. खेळ टिकवायचा तर शेती टिकवावी लागणार होती.

*वसाहतींतल्या मोकळ्या जागा.* हा पर्याय पहिल्या यादीत कोणाच्याच मनात नव्हता.

फायलींचा शोध

भाटाचे प्लॉट पाडताना आराखड्यात काही टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती कुठे आहे, असे मी वसाहतीतल्या दोघांना विचारले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. वीस वर्षे तिथे राहून त्यांना ती माहीत नव्हती.

माहिती अधिकाराखाली पंचायतीकडे आणि नगरनियोजन खात्याकडे मंजूर आराखडे मागवले. पंचायतीत काही फायली ओल्या होऊन चिकटल्या होत्या. खात्याकडून मिळालेल्या प्रती चांगल्या होत्या. त्या सर्वेक्षण नकाशावर बसवल्या आणि नऊ मोकळ्या जागा निघाल्या. सर्वात लहान जागा एका अंगणाएवढी, सर्वात मोठी दीड हजार चौरस मीटरच्या आसपास. सगळ्या मिळून फुटबॉलच्या मैदानाएवढ्या. आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान 105 गुणिले 68 मीटर, म्हणजे 7,140 चौरस मीटर असते. तेवढी जागा गावात कागदावर सार्वजनिक म्हणून मंजूर होती आणि मैदान मागणाऱ्या पंचायतीला ती ठाऊक नव्हती.

बहुतेक परवान्यांत रस्ते आणि मोकळी जागा पंचायतीच्या नावे करून द्यायची अट होती. एक-चौदाचे (जमिनीच्या मालकीचे) उतारे काढले तेव्हा नऊपैकी सात जागांवर मूळ भाटकाराचे किंवा बिल्डरचेच नाव. दानपत्र झालेच नव्हते. प्लॉट विकले गेले, वसाहत उभी राहिली, बिल्डर दुसऱ्या गावी गेला. पंचायतीने मागितले नाही म्हणून त्याने दिले नाही. दोन जागांवर घुमट्या (छोटी देवळे) होत्या, एकीत वीज खात्याचा ट्रान्सफॉर्मर आणि पाण्याची टाकी, एक इतक्या उताराची की तिथे उभे राहणे कठीण. एका जागेवर शेजाऱ्याने कंपाउंडची भिंत पुढे सरकवून केळी लावल्या होत्या.

अशा जागांचे कायद्यातले स्थान पक्के आहे. उद्यानासाठी राखलेली जागा इस्पितळासारख्या चांगल्या कामासाठीही देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात 1991 मध्येच सांगितले. केंद्राच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. आमच्या गावाचा हिशेब या नऊ जागा धरूनही त्याच्या आसपास फिरकत नव्हता. त्या वगळल्या तर सांगण्यासारखे काहीच उरत नव्हते.

दुसरा निर्णय: कुठून सुरू करायचे

समितीत इथे खरे मतभेद झाले. एका गटाचे म्हणणे होते की भिंत पुढे सरकवणाऱ्यापासून सुरुवात करा, नाहीतर गावाला वाटेल की गरिबांना कायदा आणि मोठ्यांना सवलत. दुसरा गट म्हणाला की पहिल्याच पावलाला कोर्टात गेलो तर बाकीच्या आठ जागा तशाच राहतील. मी दुसऱ्या बाजूला होतो. शेवटी ज्या तीन जागा सपाट, बिनतंट्याच्या आणि मुलांच्या खेळण्याच्या रस्त्यांजवळ होत्या त्या आधी घ्यायच्या ठरल्या.

घुमट्यांबाबत शिक्षिकेने मार्ग काढला. घुमटी हलवायची नाही, तिच्याभोवतीची फरशी वाढवायची नाही आणि उरलेली जागा बायकांच्या चालण्याची आणि बसण्याची. तिथे आधीच संध्याकाळी दिवा लावायला बायका येत होत्या, तेव्हा ती जागा त्यांना परकी नव्हती.

ऑक्टोबरची ग्रामसभा

अहवालात चार गोष्टी मांडल्या. शेतात भराव नाही, एप्रिलआधीचा ठराव रद्द. तीन मोकळ्या जागा लगेच ताब्यात, बाकीच्यांसाठी दानपत्राची नोटीस. बंद शाळेचे आवार पंचायतीने मागून घ्यायचे. मापाच्या मैदानासाठी सड्यावर अर्ज.

शेवटच्या मुद्द्यावर सभेत अनपेक्षित सूचना आली. तरुणपणी चिरे काढायच्या कामावर गेलेल्या एका माणसाने सांगितले की सड्यावर जुनी चिरेखाण आहे, तिचा तळ सपाट आहे, नवा डोंगर कापायची गरज नाही. पावसात तिथे तळे होते आणि दरवर्षी कोणीतरी पोरगा पोहायला उतरतो म्हणून आईबापांच्या जिवाला घोर असतो. पाण्याला वाट काढून दिली तर धोका जाईल आणि मैदानही होईल. कागदोपत्री पर्याय शोधणाऱ्या आम्हा कोणाला हे सुचले नव्हते.

युवक मंडळातला नाराज सदस्य उठून म्हणाला, “म्हणजे आम्हाला दहा वर्षांनी मैदान.” सभेत त्याला कोणी उत्तर दिले नाही. ठराव बहुमताने झाला.

शेताचा कागद

शेताबाबत कुळे आणि युवक मंडळ यांच्यात लेखी समजुतीचा मसुदा करायचा होता. मंडळ वर्षाला काही रक्कम द्यायला तयार होते. ती घेऊ नका असा सल्ला मी दिला. भाडे घेतले की ती जमीन पोटभाड्याने किंवा बिगरशेती वापरासाठी दिली असा अर्थ कोणीही काढू शकतो, आणि कूळ कायद्याखाली मिळालेल्या जमिनीवर तो धोका कोणी का घ्यावा?

म्हणून कागदावर पैसा नाही. मंडळाने मेमध्ये व्हाळाचे तोंड साफ करायचे, बांध दुरुस्त करायला माणसे द्यायची, खेळ संपल्यावर प्लास्टिक आणि बाटल्या उचलायच्या. सिमेंटची खेळपट्टी घालायची नाही, दुचाक्या शेतात उतरवायच्या नाहीत, अळसांद्याच्या तुकड्याला तात्पुरते कुंपण मंडळाने घालायचे. कुळांनी कापणीनंतर शेत मोकळे ठेवायचे. रविवारची दुपार कामगारांच्या संघाला. हे शेवटचे कलम कोणी सुचवले ते मी सांगत नाही, पण तो युवक मंडळाचाच मुलगा होता.

एक बाजूची घडामोड

याच काळात शेताच्या वरचे एक ऑर्चर्ड सेटलमेंटमध्ये बदलून घेतल्याचे जैवविविधता समितीच्या सदस्याने राजपत्रात वाचले. आराखड्यातली ‘अनवधानाने झालेली चूक’ दुरुस्त करण्यासाठी 2023 मध्ये नियोजन कायद्यात 17(2) हे कलम आले होते, त्याखालचा हा बदल. भाट वरच्या अंगाला, म्हणजे तिथले पाणी खाली आमच्या शेतात. ग्रामसभेने हरकत पाठवली. पुढे मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. विभागबदलासाठी 2024 मध्ये 39अ ही दुसरी वाट आली होतीच, आणि तिच्यात हरकतींना 30 दिवस ठेवले होते. तीस दिवसांत राजपत्र वाचणारा माणूस गावात असावा लागतो. आमच्याकडे योगायोगाने होता.

निष्पत्ती

शेत बुजले नाही. निधी गेला, तो दुसऱ्या मतदारसंघात वापरला गेल्याचे ऐकले. सरपंचबाईंवर काही महिन्यांत अविश्वास ठराव आला आणि त्या पायउतार झाल्या. मैदान हे एकमेव कारण नव्हते, पण वापरले गेले.

तीन जागांपैकी दोन चालू आहेत. एकीत चाळीस गुणिले वीस मीटरचे छोटे मैदान बसले, आणि तिथे संध्याकाळी मुली खेळतात. शेतावर हे घडले नव्हते. कारण विचाराल तर घराच्या गॅलरीतून दिसते एवढेच. घुमटीजवळच्या जागेत कडेने चालायची वाट झाली, महामार्गावर चालणाऱ्यांपैकी काही बायका आता तिथे येतात. सगळ्या येत नाहीत, फेरी फार लहान पडते अशी त्यांची तक्रार आहे.

तिसरी जागा वसाहतीच्या सोसायटीने स्वखर्चाने सुंदर केली, लॉन लावले, घसरगुंडी बसवली आणि फाटकाला कुलूप लावले. बाहेरच्या मुलांना प्रवेश नाही. दानपत्र अजून झालेले नसल्याने पंचायतीला ठणकावून काही सांगता येत नाही. सोसायटीचे पदाधिकारी भले लोक आहेत, देखभालीचा खर्च आम्हीच करतो हे त्यांचे म्हणणे खरेही आहे. पण ज्या तत्त्वासाठी सगळे केले तेच तिथे उलटे झाले.

बंद शाळेचे आवार मिळाले. भिंत पुढे सरकवणाऱ्याला नोटीस गेली, उत्तर आले, फाईल थांबली. पडीक दोन तुकड्यांपैकी एकावर शेजारच्या कुळाने भात लावले, दुसरा तसाच आहे. चिरेखाणीचा अर्ज गांवकारांच्या सभेत मंजूर होऊन पुढे गेला आणि तिथेच आहे.

वेगळे काय करता आले असते

दानपत्र आधी, काम नंतर, हा क्रम असायला हवा होता. लोकांना लवकर काही दिसावे म्हणून समितीने आधी जागा साफ केल्या आणि कागद मागाहून करायचे ठरवले. दिसणारे काम झाल्यावर कागदाची निकड कोणालाच उरली नाही. कुलूपबंद फाटक हे त्याचेच फळ. नव्या आराखड्यांना पंचायतीचा ना-हरकत दाखला देताना किंवा घरपट्टीची नोंद करताना दानपत्राची प्रत मागायची पद्धत पहिल्या दिवसापासून असती तर नऊ फायली धुंडाळाव्या लागल्याच नसत्या.

भिंतीबद्दल माझे मत पुरते बदललेले नाही, पण पहिल्या गटाचे भय खरे ठरले हे मान्य करावे लागते. नोटीस उशिरा गेल्यामुळे आता दुसऱ्या एका जागेच्या कडेलाही कोणीतरी चिऱ्यांचा ढीग रचून ठेवला आहे. दोन्ही कामे एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांकडून चालवता आली असती.

कामगारांना समितीत घ्यायला हवे होते. त्यांची गरज नोंदवहीत आली, समजुतीच्या कागदातही आली, पण त्यांच्यातला कोणी बोलायला नव्हता. रविवारचे कलम पहिल्या मोसमात पाळले गेले. दुसऱ्या मोसमात स्पर्धेचे कारण सांगून दोनदा मोडले गेले आणि तक्रार करायला कोणी आले नाही.

चिरेखाणीचा अर्ज पूर्ण मापाच्या मैदानासाठी, गॅलरीसह केला होता. त्यामुळे रस्ता रुंद करणे आले, झाडे आली, वनखात्याचा अभिप्राय आला. खाणीच्या तळापुरताच, पाण्याची चर आणि कडेला कठडा एवढाच अर्ज आधी केला असता तर निदान पोहायला उतरणाऱ्या पोरांचा धोका गेला असता आणि नव्वद गुणिले पंचेचाळीसचे, फुटबॉलच्या नियमांत बसणारे सर्वात लहान मैदानही मिळाले असते. युवक मंडळातला तोच नाराज सदस्य आता हा सुधारित अर्ज लिहितो आहे, जानेवारीच्या ग्रामसभेपुढे तो येईल.